आमच्या सुनेनं रुमाल झटकला

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

मु. हातकणंगले,
मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी २००३

रा. रा. केरबा पावणे यांस,

हातकणंगल्याहून जोतीरामाचा आधी तुम्हाला रामराम, मग विहीणबाईंना नमस्कार, आणि ही दोन्ही कामं आटोपल्यावर थोडी तक्रार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्याकडचेही बरे असावेत, विशेषतः तुमचा गुडघा. दिवाळीत तुम्ही तो धरून आमच्या सोप्यात बसला होता, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला एरंडाचं पान गरम करून बांधत जा. (बांधू नका, डॉक्टरांना दाखवा.) तुमचा जावई कृष्णात शिरोलीच्या फौंड्रीत पाळ्या करतोय. नातू राजवीर तिसरीत आहे आणि अभ्यास सोडून सगळ्यात हुशार आहे. पत्र पोस्टात टाकलं तर तुम्ही निघाल्यावर पोहोचेल, म्हणून गडहिंग्लज गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. फोन केला असता, पण आमच्या नाक्यावरच्या रुपयाच्या डब्याशी बोलायला एक माणूस आणि ऐकायला आठ माणसं असतात.

काल सोमवारच्या बाजारात तुमचा पुतण्या ट्रक घेऊन आला होता. त्यानं तुमचा निरोप चहाच्या गाडीपाशी उभं राहून, अख्ख्या दावणीला ऐकू जाईल असा दिला. ‘चुलता म्हनतोय, गुरवारी येतोय. पोरीला घिऊन जानार. परत धाडायची का न्हाय ते मागनं बघू.’ कारण विचारलं तर म्हणाला, आकाराम दलाल नेसरीला आलते आणि त्यांनी सांगितलं की तुमची लेक बाजारात परक्या गड्यांच्या हातात हात देऊन उभी असते. पावणं, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे खोटी आहे. म्हणजे दिवाळीच्या आधी खरी होती आणि आता खोटी आहे. आता ती कुणाच्या हातात हात देत नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

तुम्हाला रुमालाचं काय सांगायचं? तुमची निम्मी हयात त्याच्याखाली गेली. पण विहीणबाई हे पत्र कुणाकडून तरी वाचून घेणारच, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. विहीणबाई, जनावरांच्या बाजारात म्हशीची किंमत तोंडानं बोलायची नसते. घेणाऱ्याकडचा एक आणि विकणाऱ्याकडचा एक असे दोघं समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. तो शेकड्यातला की हजारातला, हे म्हशीकडं बघून ज्याचं त्यानं समजायचं. बोट जरा दाबलं तर अर्धा आकडा वर. तोंडानं मात्र पाऊसपाणी, पोराबाळांची चौकशी चालू ठेवायची. सौदा मोडला तरी चारचौघांत कुणाची शोभा होत नाही आणि जुळला तरी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. माझ्या वडिलांनी हेच केलं, मी हेच केलं. (आणि म्हैस ज्याची, त्याला ती खरोखर केवढ्याला गेली ते कळत नाही. दलाल सांगेल तो आकडा.)

पावणं, तुम्हाला आठवतं का? एक्क्याण्णव साल असेल. तुम्ही नेसरीहून चार म्हशी घेऊन पहिल्यांदा आमच्या बाजारात उतरलात. मी रुमाल टाकला, आत हात घातला, तर हाताला लागली तुमची वाकडी करंगळी. आता ही पुरी धरायची का अर्धी, या विचारात मी घुटमळलो. तुम्ही चेहरा जराही न हलवता म्हणालात, ‘ती धरू नगा पावणं, ती घरची हाय.’ मी तीस वर्षांच्या धंद्यात रुमालाखाली हात असताना हसलो तो तेवढाच. पुढं पुढं तुमचा हात मी चेहऱ्याआधी ओळखायला लागलो. सौदा ठरला तरी आपण हात लगेच सोडत नव्हतो; जरा वेळ तसंच बोलत उभं राहायचो. बाळाबाईचा हात मी लग्नात धरला, त्यानंतर चारचौघांत कधी धरला नाही. (घरातसुद्धा नाही, असं आतून सांगणं आलं आहे.) पण तुमचा हात धरायला मला कधी लाज वाटली नाही. मग आपण मिसळ खायचो, तुम्ही कट तीनदा मागायचा आणि घाम पुसायला माझाच रुमाल वापरायचा. बाजार उठताना गळ्यातल्या घंटा वाजवत म्हशी ट्रककडं निघायच्या, कडब्याचा वास यायचा, आणि मला वाटायचं की याहून चांगला धंदा कुणी काढला नसेल.

त्याच हातावर विश्वास ठेवून आपण चौऱ्याण्णव साली लग्न जमवलं. बोलणं निघालं तेही बाजारातच. तुमच्याकडची माणसं किती येणार, एवढंच मला विचारायचं होतं. पण चारचौघांत लग्नाचं कसं बोलायचं, म्हणून सवयीनं रुमाल टाकला गेला. तुम्ही माझी पाची बोटं धरलीत. मी पन्नास समजलो. तुमच्या मनात पाचशे होते. आकडा आपण म्हशीकडं बघून ओळखतो. इथं बघायला म्हैसच नव्हती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लग्नादिवशी तुमचा पहिला ट्रक आला तेव्हा मी हार घेऊन पुढं गेलो. दुसरा आला तेव्हा बाळाबाईनं माझ्याकडं बघितलं. तिसरा दिसल्यावर आचारी चुलीपासून उठला आणि चपला शोधायला लागला. शेवटी गावातल्या घराघरांतून भाकरी गोळा केल्या, झुणका टाकला आणि एकेक लाडू चौघांत फोडला. तुमच्याकडची माणसं अजून म्हणतात की हातकणंगल्याच्या लग्नात पानात लाडवाचा नुसता वास वाढला होता. नवरी बोहल्यावरून हे सगळं बघत होती. अक्षता पडल्यावर तिनं कृष्णातला पहिलं काय विचारलं असेल तर, ‘तोंडानं का न्हाई इचारलं?’ कृष्णातनं माझ्याकडं बोट दाखवलं.

आता तुमच्या लेकीकडं येतो. एक तर तुम्ही तिचं नाव ठेवलंत प्रियदर्शनी. लग्नपत्रिकेत ते शोभलं. पण गोठ्याच्या दारातून हाक मारायची म्हटली तर नाव पुरं होईपर्यंत म्हैस दावं तोडून जाते. बाळाबाई ‘पिरी’ म्हणते, बाजार ‘दर्शनीवैनी’ म्हणतो आणि कृष्णात नुसताच ‘अगं’ म्हणतो. कृष्णात तुम्हाला ठाऊकच आहे. दलालाच्या पोटी जन्मला, पण म्हशीनं नुसतं फुसकारलं तरी हा उंबऱ्याच्या आत. वितळलेल्या लोखंडाला भीत नाही, म्हशीला भितो. त्यामुळं माझ्यामागं धंद्याला कोण, हा विषय मी घरात काढायचाच बंद केला होता. (घरातलं एक माणूस रोज दोन वेळा कासेला बसत होतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.)

मग माझा उजवा हात कापायला लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आमटी सांडायची तिथवर मी हसण्यावारी नेलं. पण दलालाचा हात कापला म्हणजे काय होतं, ते गेल्या श्रावणात कळलं. त्या दिवशी मी घेणाऱ्याकडून उभा होतो. रुमाल टाकला, बोटं धरली आणि धरलेलं बोट आपलं आपण दाबलं जायला लागलं. प्रत्येक कापऱ्याला अर्धा आकडा वर. माझ्याच गिऱ्हाइकाची किंमत मीच चढवत चाललो होतो आणि मला पत्ता नव्हता. समोरचा आधी चकित झाला, मग शहाणपणानं गप्प झाला. तो नुसता माझा हात धरून उभा राहिला, यंदा तुमच्याकडं भात कसा आहे असं विचारत, आणि किंमत वर वर. रुमालाखालचा आकडा फिरवायचा नाही हा नियम. माझं गिऱ्हाईक त्यानंतर मला जे बोललं ते पत्रात घालता येत नाही. (घालायला सांगितलं होतं, मी घातलं नाही.)

आता तुम्ही म्हणाल, हात एवढा कापतो तर अक्षर असं वळणदार कसं? पावणं, अक्षर तुमच्या लेकीचं आहे. मी खाटेवर बसून सांगतोय आणि ती समोर बसून लिहितेय. तिच्याबद्दलची तक्रार तिच्याच हातानं लिहून घ्यायची वेळ माझ्यावर आली, कारण कृष्णातचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही आणि राजवीर जोडाक्षरं गाळतो. मी तिला बजावून ठेवलंय की मी सांगेन ते आणि तेवढंच लिहायचं. (तेवढंच लिहितेय. कंस सोडून.)

तर त्या सोमवारनंतर ती माझ्याबरोबर बाजारात यायला लागली. आधी छत्री आणि डबा घेऊन आली. मग म्हशीची कास बघायला वाकायला लागली. मग एके दिवशी मी रुमाल टाकला आणि रुमालाखाली माझ्या आधी तिचा हात गेला. समोर आकाराम होता, आमच्या दलाल मंडळाचा अध्यक्ष. मिशीला पीळ आहे, पण हिंमत बेताची. त्यानं हात असा उपसला की रुमाल उडून म्हशीच्या शिंगावर पडला. म्हणाला, ‘जोतीराम, बाईमाणसाचा हात धराय लावतोस व्हय रं? घरात काय सांगू?’ त्यावर तुमची लेक, जिला तुम्ही लग्नात ‘गरीब गाय आहे’ म्हणून माझ्या पदरात घातलीत, ती म्हणाली, ‘म्हस बी बाईच की ओ मामा. तिच्या कासंला हात लावताना घरात सांगून येतासा व्हय?’ दावणीवरची सगळी माणसं हसली. मी हसलो नाही. (हसले. उपरणं तोंडात धरून.)

मग तोडगे सुरू झाले. कृष्णातनं फौंड्रीतले हातमोजे आणले, तापलं लोखंड धरायचे. दोघांनी मोजे घालून रुमाल टाकला, तर आत बोट कुठलं आणि अंगठा कुठला, कळायला मार्ग नाही. एका सौद्यात दोघंही वेगवेगळ्या आकड्यांवर खूष होऊन बाहेर आले आणि पैसे काढेपर्यंत एकमेकांकडं बघून हसत राहिले. त्यानंतर बाळाबाईनं सुचवलं की राख्या बांधा, भावानं बहिणीचा हात धरला तर कोण काय बोलणार? राखीपौर्णिमा होऊन गेली होती, त्यामुळं राख्या स्वस्तात मिळाल्या. तुमच्या लेकीनं भर भाद्रपदात अख्ख्या दलाल मंडळाला राख्या बांधल्या. आकारामनंसुद्धा मुकाट हात पुढं केला. राखीला नाही म्हणायची छाती कुणाची? पण घोळ असा झाला की राखी बांधलेला माणूस बहिणीशी घासाघीस करायला लाजतो. (मी लाजत नव्हते.) महिनाभर ती बोटं धरून यांना खाली आणत होती आणि हे ‘बरं बरं, ताई’ म्हणत होते. दिवाळी जवळ आली तसं यांच्या लक्षात आलं की आता भाऊबीज येणार, ओवाळणी घालावी लागणार. त्या आठवड्यात आमच्या बाजारातले निम्मे दलाल देवदर्शनाला गेले, आणि परत आल्यावर एकही भाऊ रुमालाखाली हात घालेना.

इथं मला वाटलं, झालं, संपलं, आता ही घरी बसेल आणि मीही बसेन. पण मग तो सोमवार आला. इचलकरंजीकडच्या एका खेड्यातलं जोडपं म्हैस घेऊन आलं होतं. नवरा म्हैस आकारामच्या हवाली करून चहाला गेला. बाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. तुमची लेक घेणाऱ्याकडून उभी. आकाराम रुमालाखाली हात घालीना, म्हणून सौदा होईना. ऊन चढलं. बाईनं आकारामला विचारलं, ‘कितीला चाललीया म्हस?’ आकाराम म्हणाला, ‘मालकाला सांगतो की.’ ती म्हणाली, ‘म्हस म्या वाढीवलीया.’ आकारामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि पावणं, तुमच्या लेकीनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, झटकला, त्याची नीट घडी घातली, माझ्या खांद्यावर परत ठेवली आणि म्हशीची किंमत तोंडानं बोलली. मोठ्यानं. नेसरीच्या माळावरून पलीकडच्या शिवारात हाक मारावी, तेवढ्या मोठ्यानं.

मी लहानपणापासून त्या बाजारात आहे. तिथं शिव्या मोठ्यानं दिल्या जातात, देवाचं नाव मोठ्यानं घेतलं जातं, पण आकडा मोठ्यानं बोललेला मी कधी ऐकला नव्हता. रुमालाखालचे हात बाहेर आले आणि सगळी दावण आमच्याकडं वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आकाराम काही म्हणायच्या आत ती बाई बोलली. ‘एवढ्याला न्हाय जमायचं. वाढवा.’ तुमच्या लेकीनं वाढवलं नाही, कारण ती घेणाऱ्याकडून होती आणि त्या बाबतीत ती माझ्याहून कडक आहे. मग त्या दोघींची जी जुंपली! ही कास दाखवते, ती शिंगं दाखवते. ही म्हणते दुसरं वेत, ती म्हणते पाटील असो नाहीतर शिपाई, सगळ्या गावाला माझ्या म्हशीचंच दूध लागतं. भोवती माणसं गोळा झाली. सौदा पटला तेव्हा दोघी घाम पुसत हसत होत्या. नवरा चहा पिऊन आला तेव्हा म्हैस विकली गेली होती आणि बायको त्याला किंमत सांगत होती.

ही माझी तक्रार, पावणं. तिनं हात दिला ही नव्हे. तिनं रुमाल झटकला ही. आता दर सोमवारी बायका येतात. नवऱ्याच्या मागं उभ्या राहणाऱ्या म्हशीच्या पुढं येऊन उभ्या राहतात. ‘दर्शनीवैनी कुठं हाईत?’ असं मलाच विचारतात, मी तिथला रखवालदार असल्यासारखं. आकडे दोन्ही बाजूंनी ओरडून चालतात आणि माझ्या कानांना त्याची सवय नाही. मी रुमाल खांद्यावर टाकून लिंबाखाली बसतो. एखादा माझ्या वयाचा पांढऱ्या मिशीचा गडी येतो, शेजारी टेकतो. आम्ही उगीचच रुमाल टाकतो आणि बोटं धरतो. विकायला म्हैस नसते, सांगायला आकडा नसतो. माझा हात कापत असतो आणि तो तसाच धरून ठेवतो. मला ते दिवस फार आठवतात, केरबा. आकडा मोठ्यानं बोलला की हात धरायचं कारणच उरत नाही. हे बरं झालं का वाईट, ते मला खरोखर ठरवता येत नाही. (मला येतं. पण मामांचा हात मी अजून धरते, गोळी देताना.)

आता आकाराम नेसरीला का आला ते ऐका. गेल्या आठवड्यात दलाल मंडळाची बैठक झाली. बाई दलालीला राहिली तर बाजार बुडेल, असं आकारामचं म्हणणं. कसा बुडेल, ते त्याला सांगता आलं नाही, कारण पूर्वी शंभर म्हशी यायच्या तिथं आता दीडशे येतात. शेवटी तोडगा निघाला की सासर आणि माहेर दोन्हीकडच्या कर्त्या माणसांनी येत्या सोमवारी बाजारात उभं राहून ‘आमची हरकत न्हाय’ म्हणावं. तसं झालं तर तिचं नाव दलाल म्हणून मंडळात घ्यायचं, नाही तर तिला दावणीला उभं राहू द्यायचं नाही. ही अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी गडी एस.टी. धरून तुमच्याकडं आला. हात धरल्याचं तेवढं सांगितलं. तो दिवाळीआधी धरला होता आणि हातात राखी होती, हे सांगायचं विसरला.

तेव्हा गुरुवारी येऊ नका. सोमवारी या आणि ‘हरकत न्हाय’ म्हणा. तुम्ही लेक नेलीत तर माझा धंदा बसेल हे खरं आहे, पण मला त्याचं एवढं वाटत नाही. माझं वयच आता बसायचं आहे. मला वाटतं ते वेगळं. सोमवारी संध्याकाळी ती बाजारातून घरी चालत येते, तेव्हा तिच्या चालण्यात एक ऐट असते. तिशीत ती माझ्या चालण्यात होती. आमच्या घरात ती पुन्हा दिसेल असं मला वाटलं नव्हतं. कृष्णातमध्ये मी ती फार शोधली, आणि ती सैपाकघरात भाकऱ्या थापत बसली होती. आता दिसतेय तर मला ती रोज बघायची आहे. तुम्ही नेलीत तर मला फार जड जाईल. एवढं स्पष्ट मी तुम्हाला रुमालाखाली कधी सांगू शकलो नसतो.

लोभ आहेच, तो गुरुवारची गाडी पकडून तोडू नये.

तुमचा,
जोतीराम

ता. क. येताना घनसाळ तांदूळ आणा. मागच्या वेळचा बाळाबाईनं पाहुण्यांसाठी ठेवला आणि पाहुणे आले नाहीत म्हणून अजून ठेवलाय.

ता. क. दुसरं. ‘हरकत न्हाय’ हे मोठ्यानं म्हणायचं आहे. आधी घरी दोन-तीनदा म्हणून बघा. आपल्याला सवय नाही, ऐन वेळी घशातच अडकतं. मी गोठ्यात म्हणून बघितलं, म्हशी उठून उभ्या राहिल्या.

ता. क. तिसरं. एवढं सांगूनही नेणारच असाल तर मलाही न्या. नेसरीला म्हशींचा बाजार भरत नाही, पण आपण दोघं कट्ट्यावर बसू.

ता. क. चौथं. (हे मामांनी सांगितलेलं नाही. ते वैरण टाकायला गेलेत.)

आप्पा, मामांच्या सांगण्यावरून तुम्हाला वाटेल की तुमच्या होकारावाचून माझं सगळं अडलंय. त्यांना तसं वाटू दे. बैठक झाल्यापासून ते रोज खाकरून सराव करतायत आणि त्यात त्यांचा वेळ बरा जातो. पण काल बाजारात एक म्हैस माझ्याकडं विकायला आली, ती आकाराममामांच्या घरची. मामी स्वतः दावं धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘मोठ्यानं बोल बाई. ह्यांनी आजवर किती म्हशी इकल्या, मला एकीचा बी आकडा ठावं न्हाय.’ आकाराममामा तिथंच होते. आभाळाकडं बघत होते. सोमवारी मला दावणीला उभं राहू देणार नाहीत म्हणे. मामी म्हणाल्या, कोण अडवतंय त्याला मी बघते.

तुमचा होकार नको असं नाही, आप्पा. मिळाला तर बरं वाटेल. पण नुसत्या त्यासाठी गुडघा घेऊन एवढ्या लांब येऊ नका. यायचं तर आईला घेऊन या. तिची म्हैस विकायला काढलीय असं तुमचा पुतण्या काल सांगत होता, तीही घेऊन या. मी लहान असताना आई वर्षभर एकेक म्हैस वाढवायची, सणाला आपल्याआधी तिला घास भरवायची, आणि तुम्ही ती ट्रकात चढवून बाजाराला न्यायचा. परत आलात की आई पाण्याचा तांब्या देत विचारायची, ‘कितीला गेली?’ तुम्ही म्हणायचा, ‘गेली चांगल्याला.’ मी दाराआड उभी असायचे. आईनं पुढं कधीच विचारलं नाही. चांगल्याला म्हणजे किती, हे तिला आजतागायत माहीत नाही.

सोमवारी तिला म्हशीच्या पुढं उभी करा आणि तुम्ही मामांशेजारी लिंबाखाली बसा. मी घेणाऱ्याकडून बोलेन आणि एक पैसा सोडणार नाही. आकडा सगळ्या बाजारात ऐकू जाईल. तो तिला पटला नाही तर तिनं माझ्या तोंडावर सांगावं. आप्पा, तुमचं ‘हरकत न्हाय’ ऐकायला मला आवडेलच. पण मला ऐकायचंय ते आईचं ‘एवढ्याला देणार न्हाय’.

तुमची,
प्रियदर्शनी